सहा की नऊ: ए-लेव्हल फिल्म स्टडीजच्या लघुपटाच्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२४, सोमवार: चौकट

इंग्लंडमधला ए-लेव्हल फिल्म स्टडीज, परीक्षा मंडळ एडुकास. ए-लेव्हल सिक्स्थ फॉर्ममध्ये करतात, म्हणजे साधारण आपली अकरावी-बारावी. अडीच-अडीच तासांचे दोन लेखी पेपर, प्रत्येकी ३५ टक्के. उरलेले ३० टक्के निर्मितीचे आणि या नोंदी त्या ३० टक्क्यांच्या.

निर्मितीत दोन वाटा आहेत. एक तर ४ ते ५ मिनिटांचा लघुपट करायचा, नाहीतर १६०० ते १८०० शब्दांची पटकथा लिहून तिच्यातल्या एका महत्त्वाच्या भागाचा फोटोंचा स्टोरीबोर्ड (शॉटगणिक चित्रांची मांडणी) जोडायचा. वाट कुठलीही घेतली तरी १६०० ते १८०० शब्दांचं मूल्यमापनात्मक विश्लेषण चुकत नाही. ६० गुणांपैकी ४० निर्मितीला, २० विश्लेषणाला. कॅमेरा हाताळता येत नाही म्हणून पटकथेकडे वळणारे पुष्कळ असतात, पण चांगली पटकथा लघुपटापेक्षा अवघडच. तिथे लपायला संगीत नाही आणि गोड दिसणारी फ्रेमही नाही.

काम एकट्याचं असतं. मित्रमैत्रिणींनी अभिनय करावा, दिवा धरावा, माइकचा दांडा धरावा, पण ज्याचा लघुपट तो सांगेल तसं. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कट कुठे मारायचा हे ज्याचे गुण त्यानेच ठरवायचं.

८ जुलै २०२४, सोमवार: कल्पना

पहिल्या यादीतल्या बहुतेक कल्पना बाद. आत्महत्या, ड्रग्ज, सीरियल किलर, "शेवटी सगळं स्वप्न होतं": या वयाच्या लघुपटांत हे चार दर वर्षी हजर असतात. विषय गंभीर म्हणून ते बाद होत नाहीत. पाच मिनिटांत त्यांचं कारण उभं करता येत नाही, आणि मग पियानो वाजवून प्रेक्षकाला रडवायची वेळ येते.

चाळणी अशी लावली. एकच जागा, दोनच माणसं, एकच गैरसमज, आणि काळ शक्यतो सलग. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी पैसे उभे करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं छोटंसं चित्रण करून दाखवलं होतं. फ्रेम एक, बदल एक, आणि सावकाराला पटला. लघुपटाची कल्पना त्या मापाची असली की झेपते.

निवडलेली कल्पना: रात्रीचं लॉन्ड्रेट, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान. मुलगा मशीन क्रमांक ६ उघडतो, आत कपडे नाहीत. बाकावर बसलेल्या आजीबाईंच्या टोपलीत त्याच्यासारखाच निळा स्वेटर दिसतो. संशय, वाद. शेवटी कळतं की मशीनवरची क्रमांकाची पाटी वरच्या स्क्रूतून निसटून उलटी लटकली आहे. तो ज्याला ६ समजला ते ९ होतं. त्याचं मशीन अजून चालूच आहे.

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार: पटकथा

कुरिअर टाइपफेस, १२ पॉइंट. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून चार पानं ही वरची हद्द. पहिला खर्डा साडेसहा पानांचा झाला आणि त्यातली दोन पानं नुसत्या भांडणाची. दुसऱ्या पेपरात मूकपटांचा विभाग असतो आणि त्याचा अभ्यास इथे थेट कामाला येतो. प्रत्येक संवादापुढे विचारायचं: हे न बोलता कळेल का? "हा स्वेटर माझा आहे" या वाक्याऐवजी मुलगा आपल्या अंगातल्या शर्टाची बाही आणि टोपलीतली बाही आळीपाळीने बघतो. असं करत संवाद नऊ ओळींवर आले.

एक धोका इथेच लक्षात घ्यायचा. शेवटचा उलगडा पाटीवर अवलंबून आहे, तेव्हा पाटी सुरुवातीलाच दिसायला हवी, पण तिच्यावर बोट ठेवल्यासारखी नको. पहिल्या मिनिटात ती दोनदा येते. एकदा मुलगा नाणी टाकतो तेव्हा फ्रेमच्या कडेला, एकदा दाराच्या काचेत त्याच्या चेहऱ्याशेजारी. प्रेक्षकाला शेवटी फसवणूक वाटली तर चूक पटकथेची.

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार: जागा पाहणी

दुकानमालकाची लेखी परवानगी मिळाली. रविवारी दुकान सहाला बंद होतं, त्यानंतर तीन तास. कागद तीन: जागेची परवानगी, कलाकारांची संमती (१८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही) आणि जोखीम पत्रक. पत्रकात ओली फरशी, तापलेला ड्रायर आणि जमिनीवरची वायर हे तीन मुद्दे आहेत. वायरचा प्रश्न बॅटरीवरचे दिवे घेऊन मुळातच काढून टाकला.

पाहणीला डोळ्यांइतकेच कान न्यायचे. जागेच्या मधोमध उभं राहून फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन हेडफोनवर ऐकायचं. इथे ऐकू आलं ते असं: ड्रायरची घरघर, पेयांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, छतावरच्या जुन्या ट्यूबच्या चोकची गुणगुण आणि बाहेर सिग्नलला थांबणाऱ्या बस. फ्रीज बंद करायला परवानगी हवी, ती घेतली. बसचं काही करता येत नाही, थांबायचं. खाली टाइल्स, समोर स्टीलचे दरवाजे, त्यामुळे आवाज घुमतो. जाड रजया आणायच्या आणि फ्रेमबाहेर टेबलांवर, जमिनीवर पसरायच्या.

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार: कॅमेरा चाचणी

सेटिंग: १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद (प्रत्येक फ्रेमला एवढा वेळ उजेड), आयएसओ ८०० (उजेडाची संवेदनशीलता), एफ ४ (लेन्सच्या भोकाचं माप: आकडा लहान, भोक मोठं).

२५ आणि १/५० का, तर ब्रिटनची वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची. चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/५० सेकंदात बरोबर दोन उजळण्या मावतात, म्हणून प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. शटर १/६० केलं की पावणेदोनच्या आसपास मावतात आणि चित्रात आडवे पट्टे सरकायला लागतात. फोन बहुधा मुळातच ३० फ्रेमवर असतो आणि शटर स्वतःच ठरवतो. "घरी तर पट्टे दिसत होते, कॅमेरा बिघडलाय" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एफ ४ का? क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स, माणूस दीड मीटरवर: एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते, एफ ४ ला चौदाच्या आसपास. एफ १.८ वर मान जरा पुढे आली की डोळे फोकसबाहेर गेले. पार्श्वभूमी धूसर दिसते म्हणून सगळे भोक मोठं ठेवतात आणि मग निम्मे टेक वाया जातात. शिवाय या कथेत मागची मशीनं दिसायला हवीत.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) ऑटोवर ठेवायचा नाही. ट्यूबच्या उजेडात हिरवट झाक असते आणि ऑटो दर शॉटला वेगळा अंदाज बांधतो. राखाडी कार्डावरून एकदा ठरवायचा आणि तसाच ठेवायचा. दिवसा खिडकीतला उजेड निळा आणि ट्यूब हिरवी असा गोंधळ झाला असता. नोव्हेंबरात मध्य इंग्लंडमध्ये सूर्य चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सहाला काच काळीकुट्ट असते. तेवढा त्रास हवामानानेच मिटवला.

काचेचं दार हा खरा त्रास. मशीनचं गोल दार म्हणजे फुगीर आरसा: कॅमेरा, ट्रायपॉड, दिवा, माइकवाला, सगळे आत हजर. पोलरायझर (चकाकी मारणारा फिल्टर) लावून बघितला. काचेला लंब दिशेपासून ५५ अंशांच्या आसपास कोन असेल तर तो प्रतिबिंब बऱ्यापैकी मारतो, समोरून अजिबात नाही, आणि फुगीर काचेवर तर एक पट्टाच साफ होतो. वर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मग साधा उपाय: काळी चादर, लेन्सपुरतं भोक, कॅमेऱ्यामागचे दिवे बंद. काचेत काळं प्रतिबिंब पडतं म्हणजे काहीच दिसत नाही. रात्रीच्या खिडकीलाही हीच चादर.

दुसरी अडचण मशीनवरच्या उरलेल्या मिनिटांच्या आकड्यांची. त्या एलईडी आपल्या स्वतःच्या गतीने लुकलुकतात, विजेशी त्यांचा संबंध नाही, म्हणून १/५० वरही आकडा तुटक दिसतो. १/२५ वर स्थिर आला. आकड्यांचे शॉट वेगळे घ्यायचे, त्यात हालचाल नाही, तेव्हा शटर संथ असलं तरी कुणाला कळत नाही.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार: शॉटची यादी

पहिली यादी ३८ शॉटची. तीन तासांत प्रकाश बदलून, तालीम करून दहा-बारा जागांवर कॅमेरा लागतो, त्याहून जास्त नाही. शॉट कमी करण्यापेक्षा एका जागेवरून होणारे सगळे शॉट एकत्र बांधले. तरीही २६ पर्यंत खाली यावं लागलं.

यादीचे दोन भाग: मशीन बंद, मशीन चालू. संवादाचे सगळे शॉट मशीन बंद असताना, घड्या घालायच्या टेबलाकडे तोंड करून, म्हणजे मागे फिरणारं ड्रम दिसायला नको. फिरणारं ड्रम, आकडे, पाणी भरणं हे सगळं शेवटी, एका धुलाईचे पैसे टाकून, आवाजाची पर्वा न करता. आकडे कटमध्ये २८, १९, ७ आणि १ असे लागतात. धुलाई साधारण अर्ध्या तासाची, तेव्हा कॅमेरा लावून वाट बघायची. ऐन शॉटमध्ये मागे आकडा दिसला तर सातत्य बिघडणारच: प्रश्न विचारताना २२, उत्तर देताना १७. म्हणून लांबच्या शॉटमध्ये आकड्यांवर काळी टेप.

यादीला शेवटचा रकाना "का?" असा आहे. "क्लोजअप, बाही" यापुढे "क्लोजअप, कारण संशय पहिल्यांदा इथे पक्का होतो, याआधी एकही क्लोजअप नाही." मार्चमध्ये विश्लेषण लिहिताना हा रकाना सोन्यासारखा. रिकामा राहिला तर तो शॉट बहुधा लागतच नाही.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार: चित्रण, भाग पहिला

पाटी स्वतः छापलेली. काही टाइपफेसमध्ये इंग्रजी ६ उलटा केला की अगदी ९ होत नाही, शेपूट वेगळं दिसतं. पूर्ण गोल आणि सरळ दांडीचा टाइपफेस शोधून छापला, प्लॅस्टिकवर चिकटवला, एका स्क्रूवर झुलता ठेवला. मूळ पाट्या काढल्या. पाटीवर ६-९ ओळखायला खाली रेघ असते ती अर्थातच काढली.

ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. माइक तोंडापासून अर्ध्या मीटरवर, फ्रेमच्या वरच्या कडेला टेकून. तोच माइक कॅमेऱ्यावर दोन मीटर लांब ठेवला असता तर आवाज १२ डेसिबलने कमी आणि खोलीचा घुमारा तेवढाच. म्हणूनच कॅमेऱ्यावरचा महागडा माइक जवळच्या स्वस्त माइकपुढे हरतो. प्रत्येक टेकला टाळी (नंतर चित्र आणि आवाज जुळवायला), तोंडाने शॉट आणि टेकचा क्रमांक. शेवटी एक मिनिट सगळे गप्प: खोलीची शांतता रेकॉर्ड. हे मिनिट विसरलं तर संकलनात दोन संवादांच्या मधे भोकं पडतात, आणि ती कान लगेच पकडतो.

बॅटरीचा दिवा थेट चेहऱ्यावर नाही. छतावरच्या ट्यूबमुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दिवा पांढऱ्या थर्मोकोलवर मारून खालून-बाजूने परत घेतला.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार: रशेस (कच्चं चित्रण)

एसडी कार्डावरून दोन ड्राइव्हवर प्रत, मगच कार्ड रिकामं. सेकंदाला ५० मेगाबिट म्हणजे मिनिटाला ३७५ मेगाबाइट, ३२ गिगाबाइटच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं.

वादाच्या प्रसंगात काल्पनिक रेषा (दोन पात्रांना जोडणारी, कॅमेऱ्याने जिच्या एकाच बाजूला राहायचं ती) ओलांडली गेली आहे. आजीबाई आधी फ्रेमच्या उजवीकडे बघतात, जवळच्या शॉटमध्येही उजवीकडेच, आणि मुलगाही उजवीकडे. दोघं एकमेकांशी न बोलता कुणा तिसऱ्याशी बोलतायत असं वाटतं. कारण जागेचं: टेबल भिंतीला लागून असल्याने कॅमेरा सोयीच्या बाजूला गेला. चित्र आडवं उलटवून सुटलं नसतं, मागे पाट्यांवरचे आकडे आहेत. पुन्हा घ्यायचे शॉट: ११ आणि १४.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार: चित्रण, भाग दुसरा

११ आणि १४ झाले. टेबल भिंतीपासून मीटरभर पुढे ओढलं, एवढंच हवं होतं. चालू मशीनचे शॉट पूर्ण. सुटे आवाज: दाराची कडी, नाणं पडणं, पाणी भरणं, फिरकी, ड्रायरचं झाकण, स्वेटर झटकणं. प्रत्येक आवाज जवळून आणि लांबून.

११ डिसेंबर २०२४, बुधवार: पहिली जुळणी

दाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती. टाइमलाइन २५ फ्रेमवर, पहिली क्लिप टाकायच्या आत. नंतर बदलता येत नाही.

फोनवरून घेतलेला एक इन्सर्ट (मधे टाकायचा छोटा शॉट) ३० फ्रेमचा निघाला. २५ मध्ये बसताना दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा सरकताना ठेच लागल्यासारखा दिसतो. शिवाय फोनची फ्रेमगती बदलती असते, त्यामुळे लांब टेकमध्ये आवाज पुढेमागे होतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर गतीला आणला तरी ठेच राहिलीच. शॉट काढला, गरज नव्हती.

जुळणी ७ मिनिटं ४० सेकंद. कापायची सुरुवात संवादापासून नाही, येण्याजाण्यापासून. मुलगा दारातून येतो, चालतो, थांबतो, बघतो: प्रेक्षकाला येणं आणि बघणं पुरतं. प्रत्येक शॉट जिथे माहिती संपते तिथे संपवायचा. एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट तीस अंशांपेक्षा कमी कोनफरकाने जोडले की चित्र उडी मारतं. मधे ड्रम टाकला. ५ मिनिटं १० सेकंदांवर गाडी अडली. अडलं की आवडता शॉट काढायचा. सुरुवातीचा खिडकीबाहेरून हळू सरकणारा लांब शॉट गेला. तो सुंदर आहे आणि कथेत काहीच करत नाही.

१५ जानेवारी २०२५, बुधवार: ध्वनी

संवादाखाली खोलीची शांतता सलग. फिरकीचा आवाज ८० हर्ट्झच्या खाली कापला. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे २० हर्ट्झ, तो हेडफोनमध्ये नुसताच दाबासारखा येतो. मशीनचा आवाज कथेनुसार चढतो: संशय येईपर्यंत जवळजवळ नाही, वादात मोठा, पाटी दिसताक्षणी बंद. संगीत नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचा घरघराट गायब होतो म्हणून त्यात पाण्याचा वरच्या पट्टीतला आवाज मिसळला. तपासणी हेडफोन, लॅपटॉप आणि वर्गातला प्रोजेक्टर अशी तिन्हीवर.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार: लेखी पेपर

निर्मितीच्या नादात पेपर मागे पडतात. पहिल्यात १९३० ते १९९० चं हॉलिवूड, २००५ नंतरचा अमेरिकी आणि १९९५ नंतरचा ब्रिटिश सिनेमा. दुसऱ्यात जागतिक सिनेमा, माहितीपट, मूकपट, प्रायोगिक. प्रत्येक चित्रपटाचे तीन प्रसंग शॉटगणिक पाठ हवेत. "दिग्दर्शकाने प्रकाशाचा सुंदर वापर केला" याला गुण नाहीत, दिवा कुठून येतो हे लिहावं लागतं.

इथल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो, या विषयाला विद्यापीठात किंमत आहे का. विद्यापीठ प्रवेश हाताळणाऱ्या यूकॅसच्या गुणपद्धतीत ए-लेव्हलचा ए म्हणजे ४८, मग तो गणिताचा असो की सिनेमाचा. वैद्यकीय-अभियांत्रिकीला मात्र कुठले विषय लागतात हे आधी बघायचं, तिथे सिनेमा चालून जाणार नाही.

११ मार्च २०२५, मंगळवार: विश्लेषण

खर्ड्यातलं वाक्य: "मी क्लोजअप वापरला कारण त्यामुळे तणाव वाढतो." हे वाक्य कुठल्याही लघुपटाला चिकटेल. दुरुस्त: "पहिली दोन मिनिटं कॅमेरा मुलापासून लांब राहतो आणि मशीनं त्याच्यापेक्षा मोठी दिसतात. बाहीवरचा पहिला क्लोजअप प्रेक्षकाला त्याच्या बाजूला ओढतो, म्हणून शेवटी चूक त्याची निघते तेव्हा प्रेक्षकही चुकलेला असतो." यानंतर अभ्यासलेल्या लघुपटांपैकी एकात हेच अंतर कसं वापरलंय आणि इथे वेगळं काय, ते. तुलना शेवटच्या परिच्छेदात वेगळी कोंबायची नाही, प्रत्येक मुद्द्यात हवी. साधनसामग्रीची अडचण, पाऊस, कलाकार उशिरा आला: यातलं काहीही लिहायचं नाही.

२ एप्रिल २०२५, बुधवार: सुपूर्त

नावांसह ४ मिनिटं ५० सेकंद. एच.२६४ हा व्हिडिओ प्रकार, २५ फ्रेम, सेकंदाला १२ मेगाबिट, फाइल ४३५ मेगाबाइटच्या घरात. दुसऱ्या संगणकावर अथपासून इतिपर्यंत बघितली. "मीडिया ऑफलाइन"चा लाल चौकोन निर्यात झालेल्या फाइलमध्येही येतो आणि संकलनाच्या पडद्यावर तो नजरेतून सुटतो. संमतीपत्रं, परवानगी आणि जोखीम पत्रकाच्या प्रती फाइलसोबत. शिक्षक गुण देतात, मंडळ नमुना मागवून तपासतं. मूळ चित्रण आणि प्रकल्पाची फाइल दोन्ही ड्राइव्हवर १४ ऑगस्टला निकाल लागेपर्यंत पुसायची नाही. मालकाच्या मूळ पाट्या परत लावल्या, क्रमांक ६ ला नवा स्क्रू.